टेलोमेअर टेस्ट किट मागवलं, एकाच सकाळी मी ४४ चा पण निघालो आणि ५३ चा पण

रेटिंग आधीच सांगून टाकतो, ५ पैकी २. एक स्टार खोक्याला, कारण खोका खरंच भारी आहे, मॅग्नेटचं झाकण वगैरे, बायकोने त्यात सुयादोरे आणि ब्लाउजची हुकं ठेवलीत. दुसरा स्टार कुरियरवाल्या पोराला, लिफ्ट बंद असताना भर दुपारी चौथ्या मजल्यावर चढून आला आणि वर हसून सही मागितली. टेस्टला स्टार नाही. का नाही ते जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण माझे ११ हजार गेलेत आणि तुम्हाला फुकटात कळतंय.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर रिफंडचं घोंगडं अजून भिजत पडलंय, आणि दुसरं म्हणजे नावाने काही फरक पडत नाही, घोळ थुंकी पाठवून वय विचारण्याच्या कल्पनेतच आहे.

तर मी ५१ चा, राहतो डोंबिवलीत, अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत क्यूसीमध्ये आहे, २६ वर्षं झाली. दिवसभर काम काय तर सॅम्पल घ्या, मोजा, परत मोजा, दोन आकडे जुळले नाहीत तर बॅच अडवा आणि प्रोडक्शनवाल्यांच्या शिव्या खा. ही सवय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दिवाळीनंतर शाळेचं गेटटुगेदर झालं, ग्रुपवर फोटो पडले, आणि आमच्याच वर्गातल्या एकाने माझ्या फोटोवर विचारलं "हे सर कोण, पीटीचे का?" त्याच रात्री अकरा वाजता फोनवर जाहिरात आली. कॅलेंडरचं वय विसरा, पेशींचं वय जाणून घ्या, नोबेलविजेत्या संशोधनावर आधारित. फोन आपलं ऐकतो म्हणतात ते मला तेव्हा पटलं. एक किट ६,९९९, दोन घेतली तर ११,०००. दोन घेतली, एक बायकोला सरप्राइज म्हणून. ती म्हणाली, अहो माझं वय मला माहितीय आणि ते दुसऱ्या कोणाला कळायची गरज नाही. विषय संपला.

आता प्रत्यक्ष किट. आत एक नळी, त्यात २ मिलिच्या रेघेपर्यंत लाळ भरायची, फेस धरायचा नाही, आणि त्याआधी अर्धा तास काही खायचं प्यायचं नाही म्हणजे उठल्या उठल्या चहा नाही. २ मिलि लाळ म्हणजे किती ते गोळा करायला बसल्याशिवाय कळत नाही हो. मी बेसिनपाशी उभा, आई आतून विचारतेय, अरे बाळा उलटी होतेय का, शेवटी मुलीने चिंचेची बरणी उघडून नाकासमोर धरली तेव्हा रेघ गाठली. मग झाकण फिरवायचं, झाकणातलं निळं पाणी आत सांडतं, हलवायचं, पाकिटात घालायचं. इथपर्यंत सगळं व्यवस्थित, सूचना मराठीत पण होत्या, भाषांतर अंमळ सरकारी पण कळण्यासारखं.

आणि मग माझ्यातला क्यूसीवाला जागा झाला. दुसरं किट तसंच पडलेलं. आमच्याकडे एकाच सॅम्पलची दोनदा टेस्ट करतात, त्याला डुप्लिकेट म्हणतात, ते केल्याशिवाय रिझल्ट कोणी सही करून सोडत नाही. म्हणून दहा मिनिटांनी परत चिंच, परत नळी, ऑफिसच्या ईमेलवरून दुसरं अकाउंट, वय वजन जन्मतारीख सगळं तेच. दोन्ही पाकिटं एकाच कुरियरने गेली.

२३ दिवसांनी पहिला रिपोर्ट आला. अभिनंदन, तुमच्या पेशींचं वय ४४! हिरवा मीटर, खाली समुद्रकाठी सायकल चालवणारं पांढऱ्या केसांचं जोडपं. मी लगेच शाळेच्या ग्रुपवर टाकला, पीटीवाल्याला टॅग करून. दोन दिवसांनी दुसरा आला. तुमच्या पेशींचं वय ५३, नारिंगी मीटर, काळजी घेण्याची गरज आहे. खाली तेच जोडपं, तीच सायकल. दोन्ही रिपोर्ट १४ पानी, त्यातली ११ पानं अक्षर न अक्षर सारखी. ४४ वाल्यालाही रोज चालायला सांगितलंय, झोपायला सांगितलंय आणि ब्रोकोली खायला सांगितलंय, ५३ वाल्यालाही तीच ब्रोकोली.

दहा मिनिटांत ९ वर्षं. एवढा वेगाने तर मी लग्नानंतर पण म्हातारा झालो नव्हतो.

मग मी महिनाभर जाता-येता ट्रेनमध्ये हाच विषय वाचत बसलो. सकाळी डोंबिवलीहून उलट्या दिशेने जातो म्हणून बसायला मिळतं, तो एक फायदा. आणि खरं सांगतो, टेस्ट बोगस वाटली तरी विषय जबरदस्त निघाला.

टेलोमेअर म्हणजे आपल्या गुणसूत्राचं टोक. सगळीकडे बुटाच्या नाडीच्या प्लास्टिकच्या टोकाचं उदाहरण देतात, आमच्या घरात समजवायला साडीचा पिको जास्त बरा पडला. पिको नसेल तर कडेचे दोरे सुटतात, तसं टोक उघडं पडलं की पेशीला वाटतं आपला डीएनए कुठेतरी तुटलाय, मग ती तुटलेली टोकं एकमेकांना जोडायला जाते आणि सगळा गोंधळ. या टोकावर लिहिलेलं काय असतं तर डीएनएची सहा अक्षरं, टीटीएजीजीजी, टीटीएजीजीजी, तीच तीच हजारो वेळा. शाळेत शिक्षा म्हणून वहीभर एकच ओळ लिहायला लावायचे ना, तसं. आत प्रोटीन बनवायची कृती वगैरे काही नाही, नुसती झिजण्यासाठी ठेवलेली जागा.

ती का झिजते, त्याची गोष्ट मला सगळ्यात आवडली. १९६१ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी काचेच्या बाटलीत वाढवल्या तर साधारण ५० वेळा विभागतात आणि मग थांबतात. तोपर्यंत सगळ्यांना वाटायचं नीट जपलं तर पेशी अमर असतात. पण मोजतंय कोण, पेशीला कसं कळतं की आपले पन्नास झाले? तर मॉस्कोत अलेक्सेई ओलोव्हनिकोव्ह नावाचा माणूस हेफ्लिकच्या कामावरचं लेक्चर ऐकून निघाला आणि मेट्रो स्टेशनवर उभा राहिला. समोर गाडी आली. त्याच्या डोक्यात आलं की रूळ म्हणजे डीएनए, गाडी म्हणजे त्याची कॉपी काढणारं मशीन, आणि मशीन गाडीच्या मधल्या भागात असेल तर रुळाच्या अगदी टोकाला जेवढा भाग गाडीखाली राहतो त्याची कॉपी निघणारच नाही. दर वेळी टोक थोडं तोकडं. १९७१ मध्ये त्याने हे छापलं, रशियनमध्ये, त्यामुळे फारसं कोणी वाचलं नाही. बारीकसारीक यंत्रणा नंतर थोडी वेगळी निघाली पण मूळ मुद्दा बरोबर होता. मी रोज प्लॅटफॉर्मवर उभा राहतो, मला फक्त फास्ट आहे का स्लो एवढंच सुचतं.

पुढे एलिझाबेथ ब्लॅकबर्न बाईंनी जोसेफ गॉलबरोबर डबक्यात राहणाऱ्या टेट्राहायमेना नावाच्या एकपेशीय जिवाची टोकं वाचली, १९७८ मध्ये छापलं. त्यालाच का धरलं, तर त्याच्यात छोटी छोटी हजारो गुणसूत्रं असतात, म्हणजे टोकंच टोकं. मग बर्कलेला त्यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर हिला १९८४ च्या नाताळच्या दिवशी, सुट्टी असताना लॅबमध्ये जाऊन, टोकं परत वाढवणाऱ्या एन्झाइमचा पुरावा मिळाला. तेच टेलोमरेझ. त्याच्या पोटातच आरएनएचा एक छोटा साचा असतो, तो टोकाला लावायचा आणि सहा-सहा अक्षरं जोडत जायचं. २००९ मध्ये या दोघी आणि जॅक शोस्टाक यांना मेडिसिनचं नोबेल मिळालं, ग्रायडरबाई फोन आला तेव्हा पहाटे कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हे मी बायकोला कौतुकाने सांगितलं तर तिने माझ्याकडे घड्या न घातलेला ढीग सरकवला.

तर जाहिरातीतलं नोबेल खरं आहे. पण हे म्हणजे न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणावर आधारित वजनकाटा असं म्हणण्यासारखं झालं. खोटं नाही, पण काटा बरोबर दाखवतो का हे वेगळं विचारावं लागतं. आणि तिथेच गाडी अडते.

आता नीट बघा, क्यूसीचा हिशोब आहे. जन्माच्या वेळी पांढऱ्या रक्तपेशींमध्ये ही टोकं साधारण १० हजार अक्षरांची असतात. लहानपणी झपाट्याने कमी होतात आणि मोठेपणी वर्षाला सरासरी २० ते ४० अक्षरं झिजतात. माझ्या वयात समजा ७ हजार उरली. रिपोर्टच्या १३ व्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय की पद्धत क्यूपीसीआर. त्यात टोकाची लांबी थेट मोजतच नाहीत, टोकाचा डीएनए आणि दुसऱ्या एका ठरावीक जीनचा डीएनए यांचं गुणोत्तर काढतात. स्वस्त, पटकन होणारी पद्धत, २००२ पासून वापरात आहे, हजारो लोकांच्या अभ्यासाला उत्तम. पण समजा त्यात ५ टक्क्यांची चूक धरली, आमच्या लॅबमध्ये ५ टक्के म्हणजे काही प्रकारच्या टेस्टला चांगलंच म्हणतात, तर ७ हजाराचे ५ टक्के झाले ३५०. वर्षाला ३० अक्षरं झिजत असतील तर ३५० म्हणजे जवळजवळ १२ वर्षं. इकडे १२ किंवा तिकडे १२! तागडी हमालाची आणि तोलायचंय सोनं.

वर लाळेत काय असतं तर काही पांढऱ्या पेशी आणि काही गालाच्या आतल्या पेशी, यांचं प्रमाण प्रत्येक थुंकीला वेगळं, आणि दोघींची टोकं सारखी नसतात. म्हणजे सॅम्पलिंगच गंडलेलं. आणि समजा अगदी देवाने येऊन लांबी बिनचूक मोजली तरीसुद्धा एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांत हजारो अक्षरांचा फरक असू शकतो. बराचसा भाग आईबापाकडून येतो, बाप जितका वयस्क तितकी मुलांची टोकं सरासरी लांब असतात असं पण दिसलंय, बायकांची पुरुषांपेक्षा सरासरी लांब. मग ७ हजार म्हणजे ५१ हे ठरवलं कोणी? सरासरीवर रेघ मारली आणि तुम्हाला त्या रेघेवर कुठेतरी चिकटवलं.

रिपोर्टबरोबर हेल्थ कोचचा कॉल फ्री होता. मुलगी गोड बोलली, सर सर करत. मी विचारलं, तुमच्या टेस्टचा सीव्ही किती? ती म्हणाली, सर सीव्ही म्हणजे बायोडाटा का, तो तुम्ही करिअर पेजवर अपलोड करू शकता. सीव्ही म्हणजे तेच तेच परत मोजलं तर आकडा किती टक्के हलतो, हे सांगितल्यावर म्हणाली टेक्निकल टीमला विचारून कळवते. बिचारीचा दोष नाही, तिच्यासमोरच्या स्क्रीनवर पुढची ओळ वेगळीच होती, टेलोमरेझ अॅक्टिव्हेटर कॅप्सूल, ६० गोळ्या ४,५००, तुमच्यासाठी २० टक्के डिस्काउंट. ४४ वाल्या अकाउंटला पण तोच कॉल आला बरं का, फक्त तिथे "आहे ते टिकवण्यासाठी" म्हणाली.

या कॅप्सूलमध्ये अॅस्ट्रागॅलस नावाच्या चिनी मुळीचा अर्क असतो. अमेरिकेत असलंच एक प्रॉडक्ट विकणाऱ्या कंपनीला २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने पकडलं, म्हातारपण उलटं फिरवतं वगैरे दाव्यांना पुरावा नाही म्हणून. आपल्याकडे च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी तरुण केलं म्हणतात, पण त्यांनी निदान आधी थुंकी मागितली नव्हती.

आणि मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला तर या कॅप्सूलवाल्यांनी न सांगितलेल्या भागाचा. टेलोमरेझ शरीरातल्या बहुतेक पेशींमध्ये बंद असतं, चालू कुठे असतं तर शुक्राणू बनवणाऱ्या पेशींत, काही मूळपेशींत, आणि ८५ ते ९० टक्के कॅन्सरमध्ये. कॅन्सरच्या पेशीला पन्नासची मर्यादा ओलांडायची असते, मग ती हेच एन्झाइम चालू करून बसते. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतून काढलेल्या पेशी आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढतायत त्या याच्याच जोरावर. म्हणजे टोक झिजणं हा नुसता बिघाड नाही, ब्रेक पण आहे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इमेटेलस्टॅट नावाच्या औषधाला परवानगी दिली, रक्ताच्या एका आजारासाठी, ज्यात वारंवार रक्त चढवावं लागतं. ते औषध टेलोमरेझ चालू करत नाही, बंद करतं! खरं औषध आलं ते उलट्या दिशेने.

लांब टोकं म्हणजे चांगलं हे पण डोक्यातून काढा. २०२३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी पीओटी१ नावाच्या जीनमध्ये बदल असलेली कुटुंबं अभ्यासली, त्यांची टोकं भरपूर लांब. चिरतरुण असतील असं वाटेल, पण त्यांच्यात गाठी, मेलानोमा म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, रक्तपेशींची एकच फौज वाढत जाणं असले प्रकार जास्त निघाले. आणि उंदीर घ्या. लॅबमधल्या उंदराची टोकं आपल्यापेक्षा कितीतरी पट लांब असतात आणि जगतो किती तर दोन-तीन वर्षं. माझ्या किटने उंदराला काय वय दिलं असतं देव जाणे, बहुतेक अजून जन्मायचाय म्हणाले असते.

अंतराळवीर स्कॉट केली स्पेस स्टेशनवर ३४० दिवस राहिला, खाली त्याचा जुळा भाऊ तुलनेला. वर असताना स्कॉटची टोकं चक्क लांबली आणि पृथ्वीवर परतल्यावर झपाट्याने तोकडी झाली. या किटच्या हिशोबाने तो वर तरुण होत होता आणि उतरल्यावर काही दिवसांत वर्षानुवर्षं म्हातारा.

एवढं सगळं बोलून टेलोमेअर म्हणजे थोतांड असं मी म्हणत नाहीये हां. म्हातारं होण्याची जी मुख्य कारणं शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडली त्या ९ मध्ये हे आहे, २०२३ मध्ये यादी १२ ची झाली त्यातही आहे. म्हणजे १२ मधलं एक. २००४ मध्ये ब्लॅकबर्न आणि एलिसा एपेल यांनी आजारी मुलांचं वर्षानुवर्षं करणाऱ्या आयांचा अभ्यास केला, ज्यांना ताण जास्त जाणवत होता त्यांची टोकं तोकडी निघाली. ते वाचून मला खरंच वाईट वाटलं, आमच्या चाळीतली एक काकू आठवली. पण ती गटाची सरासरी. शंभर पिशव्यांचं सरासरी वजन सांगता आलं म्हणून माझ्या हातातल्या पिशवीचं सांगता येत नाही. गंमत म्हणजे नोबेलवाल्यांमध्येच यावर एकमत नव्हतं, ब्लॅकबर्नबाईंनी स्वतः असली टेस्ट देणारी कंपनी काढण्यात हात घातला होता आणि ग्रायडरबाई घरोघर वय मोजत बसण्याच्या विरोधात.

मग ही टेस्ट कोणाला लागतेच नाही का? लागते, पण ही नाही. काही घराण्यांत टोकं जन्मतःच फार तोकडी असतात, तिथे तिशीच्या आत केस पांढरे, अस्थिमज्जा रक्त बनवायचं थांबवते, फुप्फुसं जाड होत जातात त्याला फायब्रोसिस म्हणतात, लिव्हर पण जाऊ शकतं. घरात असं दोन-तीन जणांना झालं असेल तर रक्ताच्या डॉक्टरांना, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्टना भेटा. ते फ्लो-फिश नावाची टेस्ट सांगतात, रक्त काढून, पेशींचे प्रकार वेगळे करून मोजतात, आणि उत्तर "तुमचं वय ४४" असं येत नाही, तुमच्या वयाच्या शंभर लोकांत तुम्ही कितव्या नंबरला असं येतं. अगदी तळाला असाल तर उपचाराचे निर्णय बदलतात. तिथे ५ टक्के इकडेतिकडे झाले तरी चालतं कारण फरकच केवढा मोठा असतो.

बाकी माझ्यासारख्या पोट सुटलेल्या आणि गेटटुगेदरला चिडलेल्या माणसाने ६,९९९ मध्ये शुगर, बीपी, लिपिड आणि क्रिएटिनिन वर्षातून दोनदा अनेक वर्षं करावं, आकडे तरी खरे येतील. मी केलं. शुगर बॉर्डरला निघाली. ती दोनदा मोजली, दोन्ही वेळा बॉर्डरलाच.

आता रिफंड. दोन्ही रिपोर्ट जोडून मेल टाकला, एकच माणूस, एकच सकाळ, ९ वर्षांचा फरक, पैसे परत द्या. चार दिवस काही नाही. मग उत्तर आलं, सर झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व, आमच्या पॉलिसीनुसार चुकीच्या रिपोर्टचा पूर्ण रिफंड मिळतो, तरी दोन्हीपैकी कोणता रिपोर्ट चुकीचा आहे ते कृपया कळवावे.

बायको म्हणते ५३ चा चूक आहे असं लिहा. मुलगी म्हणते बाबा प्रामाणिकपणे ४४ चा लिहा. पीटीवाला रोज विचारतोय काय झालं. मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे.